मनुबाईचा थांबा

"मनुबाईसारकी धवलारीण या धरतीवर झाली नाय नि व्हनार नाय! तिचा धवला या दोन कानांनी ऐकलाय. हे कान चितेवर जातील, तवाच तो विसरतील!"

गोमाजीमामा मांडवाच्या मधल्या खांबाला धरून हे बोलला, तेव्हा बायांनी जात्याची घरघर थांबवली, पोरांनी रडणं थांबवलं आणि सकाळीच रोवलेला खांबही मान डोलावल्यासारखा हलला.

"मंग सांग की मामा," कोपर गावचा तानाजी म्हणाला. "त्या गान्याची पयली ओल काय व्हती?"

मामाने डोळे मिटले. बराच वेळ मिटले. त्याला झोप लागली की काय, म्हणून एका बाईने वाकून बघितलं.

"पयल्या ओलीला मी नसायचो," डोळे न उघडताच मामा म्हणाला. "त्या वक्ताला मना ताडीच्या मडक्यांवर नजर ठेवाय लागायची."

"बरं, दुसरी?"

"दुसरीला मी येत असायचो."

दामाजीने कपाळाला हात लावला. मनुबाईचा सख्खा भाऊ म्हणून ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवली होती, तो साक्षीदार हा असा निघाला.

दामाजीच्या शेवंतीचं लग्न तानाजीच्या पोराशी ठरलं होतं आणि आज हळद होती. दुपारच्या भरतीबरोबर तानाजी आपली माणसं आणि नवऱ्याची उष्टी हळद होडीत घालून कल्याणच्या खाडीला, थेट दामाजीच्या दारात येऊन लागला होता. ओहोट लागायच्या आत ती हळद नवरीला लागून होडी परत फिरायला हवी होती. नाहीतर होडी चिखलात बसली असती आणि होडीबरोबर कोपरची सगळी माणसं पंगतीला बसली असती.

पण धवल्याशिवाय, म्हणजे लग्नाच्या गाण्याशिवाय, हळद लागत नाही. एक वेळ भटजी वाट चुकला तर लग्न थोडं लांबेल. धवलारीण गायली नाही तर कोळ्याच्या पोरीच्या अंगाला हळदीचं बोटसुद्धा लागणार नाही. आणि ठाण्यापासून मोहन्यापर्यंत खाडीच्या दोन्ही काठांवर धवलारीण म्हटली की एकच नाव निघायचं: मनुबाई, दामाजीची आई. आगगाडी सुरू झाली त्याच्याही आधीपासून ती गात होती. गाडी बघायला जे आले नाहीत, ते तिला ऐकायला आले. दोन वर्षांमागे ती गेली तेव्हा तिच्या तिरडीमागे इतकी माणसं होती, की पुढच्यांनी चिता पेटवली तरी मागच्यांना बातमी कळायची होती.

साखरपुड्यात तानाजीने एकच अट घातली होती. हुंडा नको, भांडी नकोत. "आमच्या लग्नान् झाला तोच धवला पायजे. मनुबाईचा. थांब्यासकट." दामाजी "हो हो" म्हणाला होता. साखरपुड्यात माणूस कशालाही हो हो म्हणतो. त्याने शहाडची धवलारीण ठरवून टाकली. आज सकाळी तिला अट कळली, तेव्हा तिने तोंडात बोट घातलं, "मनुबाईचा गळा मी कुठनं आणू?" म्हणाली आणि दुसऱ्या लग्नाला मोहन्याला निघून गेली. तिथल्या लोकांची स्मरणशक्ती बेताची होती म्हणे.

आता शेवंती पाटावर बसलेली, पाटाभोवती तांदळाच्या पिठाचा चौक काढलेला, सुपात कोरडी हळद, वाटीत कोपरची उष्टी हळद, आणि धवल्याचा पत्ता नाही.

"एवढं काय त्यान्?" दामाजीची बहीण शकू पदर खोचून पुढे झाली. ती सासरहून काल आली होती आणि आल्यापासून या क्षणाचीच वाट बघत होती. "आयसचा धवला लेकीला यील नाय तर कुणाला यील? मी गाते. 'उगवला नारायेन, खाडीपल्याड गो...'"

"नारायेन?" स्वयंपाकाच्या चुलीपासून आवाज आला. दामाजीची बायको सरस्वती भाताची पळी हातात घेऊनच बाहेर आली. "सासूबाय नारायेन कवा बोलल्या? 'दर्यान् चालली होरी, होरीला फुलांचा तुरा...' असा व्हता. वीस वर्सं मी त्यांच्या मागं ओल झेलाय उभी व्हते."

"झेलाय व्हतीस, गायला नाय."

"तू तर झेलायपन नव्हतीस, शकूबाय. तू सासरी व्हतीस."

"मी तिच्या पोटान् व्हते!"

"पोटान् असतानाच ऐकलास का धवला?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दामाजी हसला नाही. या दोघींचं भांडण आजचं नव्हतं. आईच्या चांदीच्या पाटल्यांवरून गेल्या वर्षी जी ठिणगी पडली होती, तिच्यावर फक्त राख साचली होती, आणि आज त्या राखेत दोघींनी एकदमच फुंकर घातली. पाटल्यांच्या वेळी दामाजीने दोघींनाही "तुझं बरोबर हाय" म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून दोघीही त्याच्याशी फक्त कामापुरत्या बोलत.

"शकूचं बरोबर हाय," मामाने निकाल दिला. "लेक ती लेक."

"मामा, तुमच्यासाठी कोलबीचं कालवण येगळं ठेवलंय," सरस्वती शांतपणे म्हणाली.

मामाने खांब दुसऱ्या हाताने धरला. "तसं बघाय गेलं तर, लेक गेली परक्या घरी. धवला ऱ्हातो तो घरान्. सुनेकडं."

"राघू!" तानाजी मध्येच ओरडला. "राघू व्हता त्याच्यान! 'आंब्याच्या डहाळीला बसला राघू गो...' माझ्या लग्नान् मी सोता ऐकलाय. सात पोरं झाली मना, सातही जगली. ती त्या राघूची पुण्याई. मना माझ्या पोराला राघूच पायजे!"

"राघू नाय, होरी," सरस्वती.

"नारायेन," शकू.

मांडवात मग ज्याने त्याने आपापला धवला काढला. एका म्हातारीला चांदण्यांचा आठवला, एकीला सोनाराचा. कोपरच्या होडीवरच्या तांडेलाला तर मनुबाईने त्याच्या लग्नात त्याच्या बैलाचं नाव घेतल्याचं पक्कं आठवत होतं. त्याच्याकडे बैल कधीच नव्हता असं त्याच्या बायकोने सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "त्या वक्ताला घेनार व्हतो."

दामाजी ऐकत राहिला आणि त्याच्या डोक्यात गोंधळ वाढत गेला. इतक्या माणसांच्या मनात आई होती. इतकी होती, की एकाच्या मनातली आई दुसऱ्याच्या मनातलीला ओळखायला तयार नव्हती. आणि त्याच्या स्वतःच्या मनात? घरी आई गायची नाही. मासळी निवडताना ती बोलायची, तेही बहुतेक त्याच्या बापाच्या नावाने. लग्नात मात्र दामाजी तिच्या उजव्या हाताला बसायचा, कारण मनुबाईच्या घराची रीत अशी होती, की धवला चालू असताना धवलारणीच्या उजव्या हाताला घरातल्या पुरुषाने दिवा धरून बसायचं. बाप दर्यात गेला तो परत आला नाही. तेव्हापासून मिसरूड फुटेपर्यंत तो दिवा दामाजीने धरला. म्हणजे खाडीकाठच्या कुठल्याही माणसापेक्षा त्याने मनुबाईचा धवला जवळून ऐकला होता. फक्त झोपेत.

"अहो, तुम्ही भांडता कशाला?" एवढा वेळ खाटेवर बसून पानाचा विडा जुळवणारे त्र्यंबकराव म्हणाले. ठाण्याच्या कचेरीतून पेन्शनीत निघालेले हे गृहस्थ दामाजीचं जुनं गिऱ्हाईक. पापलेटाचा भाव न करता घेणारा एवढा एकच कायस्थ प्रभू दामाजीच्या माहितीत होता, म्हणून त्याला लग्नाचं आमंत्रण. "शब्द कुठलेही असोत. मनुबाईंची खरी कला त्या थांब्यात होती. आठवतोय ना थांबा?"

मांडव एकदम निवला. थांबा सगळ्यांना आठवत होता.

धवल्याच्या ऐन मध्यावर, आवाज चढत चढत पार आढ्याला लागला, की मनुबाई अचानक थांबायची. हळदीने माखलेले दोन्ही हात अधांतरी. डोळे मिटलेले. चेहरा वर. मग एक कोपर हळूहळू तोंडापर्यंत उचललं जायचं आणि अर्ध्यावरच राहायचं. सगळ्या मांडवाचा श्वास अडकायचा. मग ती जराशी वाकून दिवा धरणाऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटायची. आणि त्यानंतर जो आवाज निघायचा, तो असा मोकळा, जणू उरावरची धोंड उतरली. त्या आवाजाला रडला नाही असा माणूस खाडीच्या दोन्ही काठांना नव्हता.

"त्या टायमाला तिला माझी मेलेली आयस दिसली," तानाजी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आशीर्वाद द्याय आलती."

"बापूस दिसायचा तिला," शकू म्हणाली. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "होरी घेऊन गेला तो आलाच नाय ना. दर लग्नान् आयस त्याला हाक मारायची."

"एकवीरा अंगान् यायची," सरस्वती म्हणाली.

"मी समोर बसायचो," मामा म्हणाला. "थोरल्या भावाचा मान म्हून थांबायची ती. मी नजरंन् खुणावलं की पुढं गायची."

त्र्यंबकराव मान हलवत हसले. "शास्त्रात याला स्तंभ म्हणतात. आठ सात्त्विक भावांपैकी एक. स्तंभ, स्वेद, रोमांच. त्या माउलीला शास्त्र कुठून ठाऊक असणार, पण प्रतिभा बघा! मी एकदाच ऐकलं, तेसुद्धा रस्त्यावरून जाता जाता. अजून अंगावर काटा येतो."

"रस्त्यावरनं थांबा दिसला तुमाला?" मामाने विचारलं.

"दिसला नाही. जाणवला."

आणि मग जे दामाजीला नको होतं तेच झालं. एकेक करून सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली.

"दादूस," शकू म्हणाली, "आयस तुझ्याच कानान् बोलायची. काय बोलायची?"

"मंतर व्हता तो," तानाजी म्हणाला. "त्या मंतराबिगर हळद पावत नाय. इवाय, तुमी दिवा धरायचे. तुमाला ठाव हाय. राघू नसला तं ऱ्हावदे, चालवून घेऊ. मंतर पायजे."

दामाजीने आठवून बघितलं. दिव्याचा उजेड, तेलाचा वास, आईचं कोपर, तिचा कानाशी आलेला गरम श्वास. ती दोन-तीन शब्द बोलायची. तो झोपेतच काहीतरी करायचा आणि आई हसायची. काय बोलायची? काय करायचा तो? तिथे पोचलं की सगळं धुक्यात जायचं. दोन वर्षं तो रात्री पडल्या पडल्या ते शब्द शोधत होता, आणि कुणाला सांगत नव्हता. आई त्याच्याशी आयुष्यात गोड असं तेवढंच बोलली असावी, अशी त्याची समजूत होती.

"मना आठवत नाय," तो म्हणाला. "मी झोपलेला असायचो."

होडीजवळून तांडेलाने हाळी दिली, "ओहोट लागली ओ! होरी टेकाय लागली!"

तानाजी उठला. त्याने खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि उष्ट्या हळदीची वाटी उचलली. "मंग आमी निघतो. ज्या घरान् पोराला आयसचा बोल आठवत नाय, लेकीला येगळं आठवतं, सुनेला येगळं आठवतं, त्या घरान् मनुबाई व्हती तरी का खरी? आमच्या कोपरान् तिला जास्त जपलीय."

शेवंतीच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायलाही तिने हात उचलला नाही, कारण पाटावर बसलेल्या नवरीने हलायचं नसतं. हळद परत गेली म्हणजे लग्न मोडलं. मोडलेल्या लग्नाची पोर खाडीच्या कुठल्या काठाला द्यायची?

तो पुढे होणार, तेवढ्यात त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन बायका पुढे गेल्या.

"वाटी ठेव खाली," शकू म्हणाली.

"आमची सासू आमाला आठवते का नाय, ते तू नको सांगू," सरस्वती म्हणाली. "सहा म्हयने तिचं गूमूत मी काढलं. तवा कोपरचं कोन आलतं?"

"वैनीनं काढलं," शकू म्हणाली. "मी बघितलंय."

सरस्वतीने वळून तिच्याकडे बघितलं. पाटल्यांनंतर पहिल्यांदाच. "सासूबाय गेल्यावर तीन दिस अन्न घेतलं नाय शकूबायनं. मीपन बघितलंय."

"मंग गावा की!" तानाजी म्हणाला, पण वाटी त्याने खाली ठेवली होती.

"तू गा, वैनी," शकू म्हणाली. "मी झेलते."

"पन कुठला? नारायेन का होरी?"

"तू घाल होरी. मी तिच्यान नारायेनाला बसवते."

"नि राघू?" तानाजीने विचारलं. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

"होरीच्या काठीवर बसंल," सरस्वती म्हणाली आणि पळी बाजूला ठेवून चौकापाशी बसली. तिने सुपातली कोरडी हळद वाटीत ओतली. खाडीवरून वारा आला, अर्धी हळद वाटीत पडली आणि अर्धी मांडवभर उडाली. तिने दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीने माखले. मामाने तेवढ्यात मायेने विडा पुढे केला.

"आता हळदीचे हात हायत, मामा. धवला संपेस्तोवर नवरीबिगर कशाला लावायचे नाय. विसरलात?"

"मी मडक्यांकडं असायचो," मामा म्हणाला आणि विडा स्वतःच्या तोंडात टाकला.

"दिवा कोन धरतंय?" शकूने विचारलं.

दामाजी दिवा घेऊन बायकोच्या उजव्या हाताला बसला.

सरस्वती सुरुवातीला खाली मान घालून, चाचपडत गायली. होडी निघाली. शकूने तिच्यात नारायण बसवला. दुसऱ्या ओळीला होडी कोपरच्या बंदराला लागली, जे कुठल्याच धवल्यात नव्हतं, आणि कोपरची माणसं चुळबुळ करत सरळ बसली. मग राघू आला. मग चांदण्या आल्या. एके ठिकाणी दोघींनाही काही सुचेना, तेव्हा सरस्वतीने सरळ तांडेलाचा बैल घातला. तांडेलाने बायकोकडे बघितलं.

"ह्योच तो!" तानाजी कुजबुजला. "ह्योच!"

"अगदी हेच शब्द," त्र्यंबकराव म्हणाले.

दामाजीला काही कळेना. हा धवला आत्ता, त्याच्या डोळ्यांदेखत, भाताच्या पळीजवळ जन्माला आला होता. मग तो सगळ्यांना आठवत कसा होता? आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यालाही आठवत होता. चाल तीच होती. की नव्हती? आईचा आवाज असाच चिरका होता. की सरस्वतीचा आवाज वीस वर्षं झेलून झेलून तसा झाला होता? दिव्याची ज्योत हलली, तेलाचा वास आला, आणि शेजारी बायको आहे की आई, याचा त्याला नेमका अंदाज येईना. शेवंतीचे खांदे, गाल, कपाळ पिवळं होत गेलं. पोर हसत होती की रडत होती, तेही हळदीखाली कळत नव्हतं. खाडीचं पाणी उतरत होतं आणि होडी आरामात चिखलात बसली होती, पण तिच्याकडे आता कुणीच बघत नव्हतं.

आवाज चढला. आणखी चढला. पार आढ्याला लागला.

आणि सरस्वती थांबली.

हळदीने माखलेले दोन्ही हात अधांतरी. डोळे मिटलेले. चेहरा वर. मग तिचं कोपर हळूहळू तोंडापर्यंत आलं आणि अर्ध्यावरच राहिलं.

तानाजीने हात जोडले. त्याचे ओठ "आयस, आयस" म्हणत होते. शकूने खाडीकडे तोंड करून डोळे पुसले. त्र्यंबकरावांनी पगडी काढून मांडीवर ठेवली, जे त्यांनी कलेक्टरसाहेबासमोरही कधी केलं नव्हतं. "मने," मामा म्हणाला. "माझी मने." आणि या वेळी त्याने कुणाला नजरेने खुणावलं नाही. तो नुसता खांबाला डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

दामाजीला आतून कळलं, की ते शब्द आता येणार. आई बोलायची ते. दोन वर्षं शोधले ते. त्याने कान पुढे केला.

सरस्वती हळूच त्याच्याकडे वाकली. तिचा गरम श्वास कानाशी आला.

"अवो," ती पुटपुटली, "नाकान् हळद गेलीय. जरा खाजवा ना."